एमबीटीआयसारख्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांना शास्त्रीय आधार कितपत आहे?

फारसा नाही. एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर) ही प्रश्नावली उत्तरांवरून माणसांना १६ ‘प्रकारां’त वाटते. पण बहुतेक माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मध्ये कुठेतरी असतात. ही चाचणी मात्र मधोमध रेघ मारून प्रत्येकाला या नाहीतर त्या खोक्यात टाकते. त्यामुळे काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा दिली की अनेकांचा ‘प्रकार’च बदलतो.

मग निकाल इतका पटतो कसा? १९४८ च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी वर्गातल्या सगळ्यांना एकच वर्णन ‘खास तुमचं’ म्हणून दिलं. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला सरासरी ५ पैकी ४.२६ गुण दिले. मजकूर चक्क राशिभविष्याच्या पुस्तकातला! म्हणजे कुणालाही लागू पडेल असं मोघम वर्णन प्रत्येकाला आपलंच वाटतं.

संशोधनात ‘बिग फाइव्ह’ ही स्वभावाचे पाच गुण मोजणारी पद्धत त्यातल्या त्यात टिकून आहे, कारण ती खोके पाडत नाही, प्रत्येक गुणाचं प्रमाण मोजते. आणि नोकरीसाठी निवड एमबीटीआयवरून करू नका, हे ती चाचणी विकणारी कंपनीच सांगते.