पुण्यात नदीवर पक्षी बघायला सुरुवात करताय? मग हे वाचा

पहिली गोष्ट, कॅमेऱ्यावर खर्च करू नका, आठ बाय चाळीसची साधी दुर्बीण भरपूर झाली. दुसरी म्हणजे लगेच कवडीपाटला (पक्षी बघायची नदीवरची जागा, पुढे सांगतोच) पळू नका, आधी महिनाभर घराजवळचाच एखादा घाट धरा, मी ओंकारेश्वराच्या बाजूला सुरुवात केली होती, सकाळी साडेसहाला जाऊन नुसतं बसायचं. काठावर मातकट रंगाचा वंचक, म्हणजे छोटा बगळा, दगडासारखा उभा असतो, दिसतच नाही, आणि उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात, ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खरंच उठून उभा राहिलो.

मग डिसेंबर-जानेवारीत कवडीपाट, हडपसरच्या पुढे सोलापूर रोडने. जुन्या दगडी बंधाऱ्यावर चक्रवाक, शेकाटे, नदी सुरय, धोबी पक्षी सगळे भेटतात. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय बघाच. तिथे पाण्यावर फेस आणि प्लास्टिक पण दिसेल, मन खट्टू होतं, पण जायचं सोडू नका, बघणारी माणसं असली तरच नदीसाठी कोणीतरी बोलणार ना. पाण्यात हात मात्र घालू नका, बूट घालूनच जा.

पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सोडला की भिडे पूलसुद्धा पाण्याखाली जातो, तेव्हा नदीपात्रात अजिबात उतरायचं नाही, त्या दिवसांत पाषाण तलाव बरा. आणि वही ठेवा, तारीख, वेळ, काय दिसलं ते जागेवरच लिहा, घरी येईपर्यंत अर्धं विसरतं.