मेहकरहून पुण्यात आले आहे, कथा लिहिते. इथल्या साहित्यिक वर्तुळात फार बुजायला होतं. काय करू?

तेवीस वर्षांची आहेस असं लिहिलंयस, म्हणून सरळ 'तू' म्हणते. मी जालन्याची, पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली.

टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेत कार्यक्रमाला गेलं की सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात आणि तू चहाचा कप धरून कोपऱ्यात उभी राहतेस, हेच ना? त्यातल्या बऱ्याच जणांचं बालपण एकाच पेठेत गेलंय, कॉलेजं तीच दोन-तीन, मामा-मावश्या एकमेकांच्या ओळखीच्या. तुला जी विद्वत्ता वाटते ती पुष्कळदा शेजार असते. पुस्तकावर तावातावानं बोलणाऱ्या सगळ्यांनी ते वाचलेलं असतंच असंही नाही. (आणि 'मी फार वेळ घेणार नाही' म्हणणारा वक्ता पाऊण तास घेतोच, तेवढा धीर बाळग.)

हे जग बायकांना सावकाशच जागा देतं. पहिलं साहित्य संमेलन इथेच पुण्यात १८७८ साली भरलं. पहिली स्त्री अध्यक्ष, कुसुमावती देशपांडे, १९६१ साली ग्वाल्हेरला झाल्या.

पण तुझ्याच जिल्ह्याच्या ताराबाई शिंदे बघ. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापून घेतली. भर अंगणात उभं राहून भांडावं तशी भाषा. कुणाला ती सभ्य वाटावी म्हणून त्यांनी धार कमी केली नाही. तुझ्या कथेतली माणसं वऱ्हाडी बोलत असतील तर बोलू देत. 'संवाद जरा प्रमाण कर' असं सांगणारे भेटतील; कथेत ते कुठे अडतं हे त्यांना दाखवता आलं तरच ऐक.

कार्यक्रम महिन्यातून एखादाच कर. त्याऐवजी नगर वाचन मंदिर किंवा नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय, जे जवळ पडेल त्याचं सभासदत्व घे आणि जुने दिवाळी अंक चाळ. कोणता संपादक कसल्या कथा घेतो हे तिथे कळतं, सभागृहात नाही. दिवाळी अंकाची कथा पावसाळा लागायच्या सुमारास पाठवलेली बरी. गणपतीनंतर बहुतेकांची पानं भरत आलेली असतात. एकच कथा एकाच वेळी दोघांना पाठवू नकोस, इथे ते लगेच कळतं आणि लक्षातही राहतं. उत्तर आलं नाही तर महिन्या-दीड महिन्यानं एक फोन कर. त्यात कमीपणा नाही, कितीतरी संपादक एकट्यानंच सगळा अंक ओढत असतात.

आणि 'थोडा खर्च तुम्ही करा, संग्रह काढू' असं कुणी म्हणालं तर इतक्यात नको. चार-पाच कथा आधी अंकांतून येऊ देत.