पावसाळ्यात फोर बाय फोर गाडी ओल्या वाटांवर न्यायची आहे, वाट खराब होऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात राहता, नवी फोर बाय फोर घेतलीय, पावसात नान्नजच्या माळावर आणि पुढे जमलं तर सह्याद्रीतल्या जंगलवाटांवर न्यायचीय. वाटेची नासाडी न करता चिखलातून गाडी कशी काढायची आणि फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गियर) कधी लावायचं, असे दोन प्रश्न आहेत. फोर लोचं खाली सांगतो. पण नासाडी होणार की नाही, हे गियरपेक्षा तुम्ही कुठल्या मातीत कुठल्या दिवशी उतरताय यावर ठरतं.

आपल्या जिल्ह्यात माळावर खडक आणि त्यावर वीतभर मुरमाड माती. पाऊस उघडला, दिवसभर ऊन पडलं की तिथली वाट गाडीला तयार. ओढ्याकाठची, सीना-भीमेच्या बाजूची काळी मात्र वेगळं प्रकरण. ती पाणी पिऊन फुगते, वरून पापडी धरते, आणि पापडीखाली चार-चार दिवस राडा तसाच असतो. त्यात आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात. म्हणजे माळ हिरवा होऊन सगळ्यांना गाड्या काढायची हुक्की येते, तेव्हाच काळी सगळ्यात ओली असते आणि शेतकरी ज्वारीच्या पेरणीसाठी वापशाची (माती ना फार ओली ना कोरडी, अशा अवस्थेची) वाट बघत बांधावर उभा असतो.

तोच वापसा तुम्हीही बघा. कडेची नको, चाकोरीतली माती चार बोटं खोल उकरून मुठीत दाबा. गोळा झाला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर जा. नुसता चपटा होऊन पडला, हात बरबटला, तर गाडी वळवा. मूठ घाण करायची नसेल तर थोडं चालून बघा. चपलेखाली थर चढत जाऊन उंची वाढायला लागली तर तुमचे टायरही तसेच भरणार. नक्षी भरली की टायर गुळगुळीत. मग गाडीला फोर व्हील ड्राइव्ह आहे म्हणजे दोनाऐवजी चार चाकं जागेवर फिरणार, एवढंच.

चाक जागेवर फिरलं की वीतभर चर पडतो. वाट उताराची असेल तर पुढच्या पावसात सगळं पाणी त्या चरातून धावतं आणि त्याचा ओघळ होतो. मागून येणारा तो चुकवायला बाजूच्या गवतावर घालतो, त्याच्या मागचा आणखी बाजूला. एका वाटेच्या तीन वाटा अशा होतात. चाकाखाली ओली माती दाबली गेली की तिच्यातली भोकं बुजतात, पाणी मुरत नाही, आणि तिथं पवन्या-मारवेलसारखं गवत पुन्हा धरायला फार वेळ लागतो. दिवाळीनंतर तेच चर विटेसारखे कडक होतात. पहाटे किटल्या अडकवून येणाऱ्या दूधवाल्याच्या मोटरसायकलला विचारा.

‘उसाचे ट्रॅक्टर वाट लावतात ते चालतं का?’ असं कोणीतरी विचारेलच. ट्रॅक्टरवाल्याला ऊस कारखान्यावर न्यायचाय. पाणंदीवर मुरूम टाकायची वेळ आली की वर्गणीही तोच काढतो. तुम्ही-आम्ही हौसेला आलोय.

आता गाडीचं. चिखल सुरू व्हायच्या आधी फोर हाय (चारही चाकांना जोर, पण नेहमीच्या वेगाचा) लावा, रुतल्यावर नाही. टायरची हवा 32-35 पीएसआय असते ती 20-22 वर आणा. टायर जमिनीवर लांब टेकतो, भार पसरतो, ठसा उथळ उठतो. परतताना डांबरीवर यायच्या आधी हवा भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर सोबत हवाच. सपाट चिखलात दुसरा किंवा तिसरा गियर, आरपीएम कमी, पाय एकसारखा. फोर लो तिथं लावून पहिल्यात रेस केलीत तर जोर जास्त होऊन चाक खड्डाच खणतं. लो ठेवा चढाला, उताराला, ओढ्यातल्या दगडांना आणि रुतलेली गाडी हळूच काढायला. थार काय, जिम्नी काय, दोन्हींची सिस्टीम पार्ट टाइम आहे, म्हणजे चारही चाकांचा जोर गरजेपुरताच लावायचा. कोरड्या डांबरीवर टू हाय, म्हणजे दोनच चाकांना जोर.

गाडी थांबली आणि चाक नुसतंच फिरतंय असं वाटलं की पाय काढा. उतरा, फावड्याने चाकापुढची माती काढा, आल्या वाटेनं मागे घ्या. ओढायची वेळ आली तर ओढणारी गाडी मुरमावर उभी करा. झाडाचा आधार घ्यायचा तर रुंद पट्टा वापरा. नुसत्या वायररोपनं बाभळीची साल कापली जाते, आणि साल गोल कापली गेली की झाड वाळतं. निघताना चर बुजवा आणि चाकाखाली घातलेले दगड उचला. हे राहतंच लोकांचं.

नान्नजचं मात्र स्पष्ट सांगतो: तो माळ ऑफरोडिंगसाठी नाही. 1979 पासून माळढोक अभयारण्य आहे. आत जायला वनखात्याची परवानगी लागते आणि अधिवासाची नासधूस हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. माळढोक पावसाळ्यात उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच. आता तो दिसणं जवळपास संपलंय, पण चंडोल आहेत, टिटव्या आहेत, आणि त्यांची अंडी खड्यांसारखीच दिसतात. ड्रायव्हरच्या सीटवरून ती दिसणं शक्य नाही. पाहायचंच असेल तर रीतसर परवानगी काढा आणि ठरलेल्या वाटेवरूनच जा.

सह्याद्रीतही कोयना-चांदोलीचा भाग 2010 पासून व्याघ्र प्रकल्पात आहे. बाहेरच्या राखीव जंगलातसुद्धा वाट दिसतेय म्हणून गाडी घालता येत नाही, आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. तिकडे जुलै-ऑगस्टात वापसा नावाची गोष्टच नसते, डांबरी सोडू नका.

आणि गाडी घरी आल्यावर धुता तशी जायच्या आधीही धुवा, विशेषतः मडगार्डच्या आतला भाग. तिथं चिकटलेल्या चिखलात गाजरगवताचं बी असतं, ते तुमच्याबरोबर माळावर जाऊन पडतं. वॉशिंगवाल्याला गाडी रॅम्पवर घेऊन खालून प्रेशर मारायला सांगा, नुसतं बॉडीवर फोम मारून सोडतात.