उत्तर: ‘डॉक्टरांनी कपडे काढायला सांगितले आणि मी उठून आले’

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय ४२, तीन आठवड्यांपूर्वी अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. ओपीडीत गेलीस तर समोर पुरुष डॉक्टर. त्यांनी केसपेपरवरून मान वर न करता "वरचे कपडे काढून टेबलावर झोपा" म्हटलं आणि तू "मिस्टरांना विचारून येते" म्हणून उठून आलीस. मिस्टरांना अजून काही सांगितलेलं नाहीस. आता विचारतेयस, मी जास्तच करतेय का, आणि नुसत्या सोनोग्राफीवर भागेल का.

३१ वर्षं सरकारी रुग्णालयात सिस्टर होते, त्यातली निम्मी सर्जरीच्या ओपीडीत आणि फीमेल वॉर्डात गेली. वयानं मोठी आहे म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. नाही भागणार. आणि सोनोग्राफीत काय अंग झाकलेलं असतं? तिथेही जेल लावून उघड्या स्तनावरूनच प्रोब फिरवतात. मॅमोग्राफीत तर टेक्निशियन स्तन हातानं धरून दोन पट्ट्यांमध्ये नीट ठेवते आणि काही सेकंद दाबते. सुईची तपासणी लागली तर तिथेही तेच. म्हणजे हाताची तपासणी चुकवून लाज वाचत नाही, फक्त आठवडे जातात. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात हे खरं. पण कुठली आहे आणि कुठली नाही, ते हात, मशीन आणि सुई या तिन्हींवरून मिळून ठरवतात. घरी बसून ठरत नाही.

हातानं तपासतात म्हणजे नक्की काय करतात ते सांगते. निम्मी भीती न कळण्याचीच असते. आधी बसवतात आणि नुसतं बघतात. हात कमरेवर दाबायला सांगतात, मग डोक्यावर घ्यायला. असं केलं की एखाद्या ठिकाणी कातडीला खळगा पडतो, एखादं बोंड आत ओढलेलं दिसतं, एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी हलते. ब्लाउजवरून यातलं काहीही दिसत नाही, म्हणून कपडे काढायला सांगतात. मग आडवं झोपवून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी गोल गोल दाबत जातात, चांगली बाजू आधी, दुखरी नंतर. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडाच्या वरची बाजू. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. डॉक्टरांचं लक्ष बोटांखाली काय लागतंय याकडे असतं. मी शेजारी उभी राहून हजारदा पाहिलंय, बरेच जण तर त्या वेळी भिंतीकडे किंवा छताकडे बघत असतात.

आता पहिला प्रश्न. जास्त करतेयस का? मुळीच नाही. मला असल्या वेळी "डॉक्टरांपुढे कसली लाज" म्हणणाऱ्या बायकांचा फार राग येतो, आणि त्यात मीही होते हे कबूल करते. माझी खोड मोडली ती वयाच्या ५२ व्या वर्षी. छातीत धडधड होते म्हणून मला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितला. नोकरीच्या ठिकाणी ओळखीच्यांपुढे नको म्हणून बाहेर एका ठिकाणी गेले. डाव्या कुशीवर झोपवलं, डावा हात डोक्याखाली, छाती उघडी. तपासणारा मुलगा माझ्या पोराच्या वयाचा. दार अर्धं उघडं, आणि मध्येच वॉर्डबॉय रजिस्टर मागायला आत. ज्या बाईनं जन्मभर "सैल सोड गं, काही होत नाही" केलं, ती पंधरा मिनिटं अंग चोरून भिंतीच्या पोपड्यांकडे बघत पडून राहिली. तोंडातून शब्द फुटला नाही. घरी येऊन नवऱ्यावर डाफरले, त्याला बिचाऱ्याला कारणच कळेना.

सहा महिन्यांनी पुन्हा इको होता, तिथेच. या वेळी आडवं होण्याआधी म्हटलं, "दार लाव आणि अंगावर घ्यायला एक चादर दे." तो "हो मॅडम, सॉरी" म्हणाला, मागे वळला आणि कपाटातून चादर काढली. घड्या घातलेल्या दहा-बारा चादरी होत्या तिथे. पहिल्या वेळीही असणार.

म्हणून तुला धीट हो वगैरे सांगत नाही. लाज राहू दे तशीच, तिची सोय लावून घे. केसपेपर काढतानाच खिडकीवर विचार, "सर्जरीला लेडी डॉक्टर कोणत्या वारी असतात?" मोठ्या रुग्णालयात युनिटप्रमाणे वार ठरलेले असतात, खिडकीवरच्या माणसाला पाठ असतात. त्या दिवशी जा. नाहीच जमलं आणि पुरुष डॉक्टरच असले, तर टेबलावर चढायच्या आधी एवढंच म्हण, "सिस्टरना किंवा मावशींना आत बोलवा." कारण सांगायची गरज नाही. हे मेहेरबानी म्हणून मागायचं नसतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ती राज्यांना पाठवली. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर दुसरी बाई तिथे हजर हवी, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी खासगी रुग्णालयांनाही हक्कांची सनद भिंतीवर लावायला सांगितलीय. बहुतेक ठिकाणी ती औषधाच्या जाहिरातीमागे लपलेली सापडेल, तो भाग वेगळा. बहीण किंवा मैत्रीण बरोबर नेलीस तर तीही पडद्याच्या आत उभी राहू शकते. आणि खरं सांगू, चांगल्या डॉक्टरांनाही तिसरं माणूस हवंच असतं, उद्या त्यांच्यावर बालंट नको म्हणून.

पडदा नीट ओढून घे. सरकारी पडद्याच्या दोन कड्या हमखास तुटलेल्या असतात आणि नेमकी दाराकडची बाजू उघडी राहते. मावशीला तिथे उभं कर, तिची पाठ हाच पडदा. दोन्ही बाजू एकदम उघड्या ठेवाव्या लागतात त्या फक्त सुरुवातीला, बघण्यापुरत्या. आडवं झाल्यावर एक बाजू तपासताना दुसरीवर ओढणी घे, कुणी हरकत घेत नाही. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आला तर "एकानंच थांबा" म्हणता येतं, "कुणीच नको" असंही म्हणता येतं. मध्येच नको वाटलं तर "थांबा". थांबतातच.

कपड्यांचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. अंगासरशी कुर्ती घालून जाऊ नकोस, ती डोक्यावरून काढली की सगळंच गेलं. पुढे बटणं असलेला शर्ट घाल आणि खाली सलवार. साडी तर सगळ्यांत सोयीची, ब्लाउजचे हूक उघडले तरी पदर आहेच. आमच्या खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका तपासून घ्यायला कमी कुरकुर करायच्या, त्याचं एक कारण तो पदर असावा असं माझं आपलं मत. मॅमोग्राफीच्या दिवशी पावडर आणि डिओ लावू नकोस, त्याचे कण फोटोत स्तनातल्या कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. मंगळसूत्र घरीच ठेव, नाहीतर तिथे रुमालात बांधून कुणाच्या हातात देऊ हा नवा घोर.

मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून एक मोठा अभ्यास केला. वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका. शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या यातल्या निम्म्या जणींना दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या. डॉक्टर नाही, मशीन नाही, बाईच बाईला तपासायची. वीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी निघाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, पण ते काही त्रास नसलेल्या बायकांचं झालं. तुझ्या हाताला गाठ लागलीय, तुझी गोष्ट वेगळी. मला त्यातलं आवडतं ते हे की एवढ्या बायकांनी आपल्या वस्तीत कुणापुढे तरी ब्लाउजचे हूक काढले, कारण समोर बाई होती. मुंबईत १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल बायकांसाठी उघडलं तेही याच विचारानं, तपासणाऱ्या डॉक्टर बायकाच हव्यात म्हणून. आणि स्टेथोस्कोप? पॅरिसच्या लाएनेक नावाच्या डॉक्टरला १८१६ मध्ये एका तरुण बाईच्या छातीला कान लावायला संकोच वाटला, म्हणून त्यानं कागदाची गुंडाळी करून ऐकलं. डॉक्टरलाही लाज वाटते गं.

पुरुषांचं वेगळं सांगायला नको. माझ्या दिरानं हर्नियाची गाठ दोन वर्षं लुंगीत लपवली, "त्या पोरीसमोर कोण उघडं होणार" म्हणून. ती पोरगी म्हणजे सर्जन होती.

एक मात्र लक्षात ठेव. तपासणी आणि वाईट हेतू यातला फरक अंगाला कळतो, त्यावर विश्वास ठेव. काय करणार हे न सांगता हात लावणं, तक्रारीशी संबंध नसलेले कपडे काढायला लावणं, दुसऱ्या बाईला बाहेर पाठवून दार लावून घेणं, न विचारता मोबाइलवर फोटो, शरीरावरून शेरे. यातलं काही झालं तर उठून यायचं, आणि रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे किंवा महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार द्यायची. तुझे डॉक्टर त्यातले वाटत नाहीत. उद्धट वाटले. मान वर करून "ताई, गाठ बघावी लागेल, सिस्टरना बोलावतो" एवढं म्हणाले असते तर तू तेव्हाच तपासून घरी आली असतीस. ही त्यांची चूक आहे, तुझी नाही.

मिस्टरांना आज रात्री सांग. परवानगीसाठी नाही, ओपीडीच्या रांगेत तासभर उभं राहायला कुणीतरी लागतं म्हणून. पाळीनंतर जाईन असं म्हणू नकोस, तीन आठवडे झालेत. या आठवड्यात ज्या वारी लेडी डॉक्टर असतील त्या दिवशी सकाळी साडेआठला खिडकीवर हजर राहा. आणि आल्यावर इथे लिही, मी बघत असते.