भिरुडानं खाल्लेला आंबा: फळी की सरपण?

प्रश्न: काका, सासऱ्यांनी लावलेला गावठी आंबा दोन वर्षांत उभ्या उभ्या वाळला. बुंध्यातून भुसा पडायचा. माळी म्हणाला, भिरूड लागलंय. मुलगा अमेरिकेत मिशिगनला असतो. तिकडे परदेशी किड्यानं मेलेल्या अ‍ॅशच्या झाडांची टेबलं करतात म्हणे. आपल्या आंब्याचं टेबल होईल का?
– एक वाचक, मखमलाबाद

उत्तर: ताई, मुलाचं खरं आहे, पण किडा काय खातो ते आधी बघायचं. अ‍ॅशचा तो हिरवा चकचकीत भुंगेरा पूर्व आशियातला. 2002 साली डेट्रॉइटजवळ सापडला. त्याची अळी सालीखाली नागमोडी कोरत जाते, झाडाचा अन्नपुरवठा तोडते आणि झाड मरतं. साल काढली की आतलं लाकूड बहुतेक जसंच्या तसं. आपलं भिरूड इथलंच, आणि ते थेट लाकडात शिरतं. अंगठा जाईल एवढाले बोगदे असतात.

म्हणून सगळा बुंधा एका मापानं चिरू नका. मखमलाबाद महापालिका हद्दीत येतं, तेव्हा झाड वाळलेलं असलं तरी आधी उद्यान विभागात अर्ज करा. परवानगी मिळाली की पावसाळ्याआधी तोडा, कारण लाकडात राहिलेल्या अळ्यांचे भुंगेरे पावसाच्या सुमारास बाहेर पडतात आणि शेजारच्या आंब्यांवर अंडी घालतात. पोखरलेले ओंडके बांधावर रचून ठेवणं म्हणजे शेजाऱ्याशी वैर. ते फोडून लगेच बंबात घाला. बारीक फांद्या होमाच्या समिधांना जातात.

उरलेल्या धड भागाच्या सॉ मिलवर दीड इंची फळ्या पाडा. आता खरं काम. आंब्याच्या लाकडात पिष्ट फार, त्यामुळे भिरूड गेलं तरी घुण येतो. मी स्वतः फसलोय. बहिणीला हौसेनं आंब्याचा चौरंग करून दिला, नुसतं पॉलिश मारून. गणपतीत दिला आणि दिवाळीला तिचा फोन, ‘दादा, चौरंगाखाली रोज रांगोळी पडते रे!’ टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड. तो चौरंग शेवटी मीच जाळला.

तेव्हापासून फळी ओली असतानाच औषध देतो. 20 लिटर कोमट पाण्यात 600 ग्रॅम टाकणखार आणि 400 ग्रॅम बोरिक पावडर, हातमोजे घालून. फळ्या त्यात बुडवायच्या, मग दोन-तीन आठवडे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायच्या, म्हणजे औषध आत उतरतं. तुमचं झाड उभंच वाळलंय, तेव्हा चिरल्या दिवशीच बुडवा आणि जास्त वेळ ठेवा. नंतर सावलीत, मध्ये पट्ट्या देऊन थप्पी लावायची, वर वजन. नाशिकचा उन्हाळा कोरडा असला तरी घाई करू नका, वर्षभर तरी जाऊ द्या. अन्नाला लागणाऱ्या पाटांना, पोळपाटांना मात्र हे लाकूड वापरू नका.

टेबल करा, पण लहान, चहाचं. एखादा बोगदा वर आलाच तर आंब्याचाच भुसा डिंकात कालवून भरा, किंवा तसाच राहू द्या. मला तो आवडतो. फक्त झोपाळ्याची फळी यातून करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. आतला बोगदा कुठवर गेलाय ते कड्यांवर माणूस बसल्यावरच कळतं.