१९०८ मध्ये सालोनिकाच्या चौकात सगळ्या धर्मांचे लोक खरंच गळ्यात गळे घालत होते का? मग ते टिकलं का नाही?

हो, घालत होते. तो सगळा देखावा होता असं म्हणणारे बरेच भेटतात, पण मला ते पटत नाही. ऑटोमन सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने १८७८ पासून राज्यघटना गुंडाळून ठेवली होती. तीस वर्षं खबरे आणि सेन्सॉर यांच्या धाकात काढलेल्या लोकांना २४ जुलै १९०८ रोजी कळलं की लष्करी अधिकाऱ्यांच्या बंडापुढे सुलतान नमला आणि घटना परत आली. असे लोक रस्त्यावर येणार नाहीत तर काय!

सालोनिका म्हणजे आजचं ग्रीसमधलं थेसालोनिकी, तेव्हा मात्र ऑटोमन म्हणजे तुर्की साम्राज्यातलं बंदर. इथे सर्वांत मोठा समाज ज्यूंचा होता. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्यांचे हे वंशज, घरात जुनी स्पॅनिश बोलणारे. बंदरावरचे हमालही बहुतेक तेच, त्यामुळे शनिवारी बंदर बंद. शिवाय तुर्क, ग्रीक, बल्गेरियन. बंदराजवळच्या चौकाला ‘स्वातंत्र्य चौक’ नाव पडलं. बंडातला लष्करी अधिकारी एन्व्हर बे तिथे गच्चीतून बोलला, मुल्ला, पाद्री आणि रब्बी यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. कालपर्यंत डोंगरात राहून तुर्की फौजेशी लढणारा बल्गेरियन बंडखोरांचा म्होरक्या सांदान्स्की हा शहरात उतरला, त्याचंही स्वागत झालं.

पण माझ्या मते जुलैच्या त्या गर्दीवर जरा जास्तच लिहिलं गेलंय. घोषणा एकच असली तरी मागण्या वेगळ्या होत्या. अधिकाऱ्यांना साम्राज्य एकसंध ठेवायचं होतं, ग्रीक आणि बल्गेरियन पुढाऱ्यांना आपापल्या शाळा, चर्च आणि हक्क सांभाळायचे होते, आणि कामगारांना पगारवाढ हवी होती. महिन्याभरातच तंबाखू कामगारांपासून रेल्वेवाल्यांपर्यंत संप सुरू झाले. ऑक्टोबरात ऑस्ट्रियाने कागदोपत्री ऑटोमन असलेला बोस्निया गिळला तेव्हा हमालांनी ऑस्ट्रियन जहाजांचा माल उतरवायला नकार दिला. लाल फेझ टोप्या ऑस्ट्रियातून यायच्या, म्हणून लोकांनी त्या फेकून पांढऱ्या नमद्याच्या टोप्या घातल्या. राजकारण असं डोक्यावर चढलेलं क्वचितच दिसतं.

माझा खरा जीव जडतो तो १९०९ च्या सभांवर. बल्गेरियातून आलेल्या अव्राम बेनारोया याने साथीदारांसह समाजवादी कामगार फेडरेशन काढली. तिचं वृत्तपत्र चार भाषांत निघालं: ज्यूंची स्पॅनिश, तुर्की, बल्गेरियन आणि ग्रीक. मिठी मारायला भाषा लागत नाही. संपाचा ठराव मात्र प्रत्येकाला त्याच्या भाषेत समजवावा लागतो, आणि ही माणसं ते कष्ट घेत होती. ग्रीक कामगार फारसे आले नाहीत, हेही सांगायला हवं. तरी शहरातली माणसं एकमेकांसाठी राबली ती इथेच.

टिकलं का नाही, याचं उत्तरही इथेच मिळतं. ज्या सत्तेने सभांना वाट मोकळी केली, तिनेच १९०९ मध्ये संप, जाहीर सभा आणि संघटना या तिन्हींवर कायदे आणले. वांशिक किंवा राष्ट्रीय नावाने संघटना काढायलाच बंदी झाली. ज्यांनी चौकात मिठ्या मारल्या, त्यांना आपापल्या नावाने एकत्र येण्याची सोय उरली नाही. मग त्यातले ग्रीक आणि बल्गेरियन आपापल्या राष्ट्रांच्या राजधान्यांकडे, म्हणजे अथेन्स आणि सोफियाकडे बघू लागले. १९१२ मध्ये बाल्कन युद्धात शहर ग्रीसकडे गेलं. फेडरेशन मात्र त्यानंतरही तगून राहिली, आणि १९१८ मध्ये ग्रीसचा समाजवादी कामगार पक्ष स्थापन झाला तेव्हा त्यात तिचा मोठा वाटा होता.