आजार नसेत उतरला का?

आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, रुग्णांशी बोलताना एक काळजी मला वारंवार ऐकू येते: खांद्यातली ताकद गेली, म्हणजे आजार नसेत उतरला आणि आता हात कायमचा लुळा पडणार का? पुढील अनुभव त्याच प्रश्नाचा आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

त्या बाईंना ११ वर्षांपासून आमवात होता. माझ्यासमोर बसल्या तेव्हा उजव्या हाताचे कोपर त्यांनी डाव्या तळहातावर तोलून धरले होते. "डॉक्टरांना काय सांगितलंत?" असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "खांदा दुखतो म्हणून." प्रत्यक्षात दुखणे पूर्वीपेक्षा कमीच होते, केस विंचरताना हात डोक्यामागे टिकत नव्हता, मध्येच गळून खाली येत होता. हे त्यांनी तीन महिने कोणालाही सांगितले नव्हते, कारण अर्धांगवायूचे नाव ऐकण्याची भीती वाटत होती.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणे माझे काम नव्हे. पण "दुखतो" या एका शब्दाखाली किती निरनिराळ्या गोष्टी दडतात, हे मी त्यांना समजावून सांगितले. सांधा आखडला असेल, तर दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नाही. स्नायूबंध फाटला असेल किंवा नस दबली असेल, तर दुसरा तो सहज उचलतो, मात्र स्वतःला तो तोलता येत नाही. खांद्याच्या पात्यावरील खाचांमधून सुप्रास्कॅप्युलर नावाची नस जाते आणि हात उचलणाऱ्या व बाहेर वळवणाऱ्या दोन स्नायूंना चालना देते. आमवातात सांध्याचे अस्तर सुजून त्याची द्रवाने भरलेली पिशवी तयार झाली, तर ही नस तिथे चिमटली जाऊ शकते. हा प्रकार विरळा आहे, आणि अर्धांगवायूशी त्याचा काही संबंध नाही.

एका बाबतीत मात्र मी धीर देत बसत नाही. आमवाताने मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील बंध सैल होऊ शकतात. म्हणून मान वाकवताना पाठीतून विजेसारखी झिणझिणी जाणे, चालताना तोल जाणे, दोन्ही हातांनी बटणे लावता न येणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. बाईंना यातले काहीच नव्हते.

मग आम्ही दोघींनी मिळून "दुखतो" हा शब्द न वापरता एक टिपण तयार केले. हात कुठवर जातो, किती वेळ टिकतो, मुंग्या कोणत्या बोटांना येतात, एवढेच त्यात होते. ते वाचून डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे, खांद्याचा एमआरआय आणि नसांची विद्युत तपासणी करून घेतली. मान ठीक होती. खाचेत पिशवी सापडली. सोनोग्राफीच्या साहाय्याने त्यातील द्रव काढला गेला, आमवाताची औषधे बदलली, व्यायाम सुरू झाले. दबलेली नस सावरायला महिने लागतात आणि सारी ताकद परत येईलच असे नाही, हेही त्यांना आधीच सांगितले होते.

पाच महिन्यांनी त्या आल्या तेव्हा हात डोक्यामागे पोहोचत होता, थोडा थरथरत. सोबत वही होती. नवी नोंद मनगटाची होती: "रात्री अंगठ्याला व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या, हात झटकल्यावर कमी." डॉक्टरांना ती त्यांनी आधीच दाखवली होती.